पेलिकन ओढ्यावर वीस मिनिटं

"हा डाग कसला आहे, क्लेम?"

क्लेम पॅसको बगीखाली उताणा पडला होता, त्यामुळे त्याच्या डोळ्यांपुढे टॅब्लेट धरायला फार्मच्या नव्या मॅनेजरला जवळजवळ लोटांगण घालावं लागलं. टेगनने ते घातलं. मुलगी मेहनती होती.

"ग्रीसचा असेल," क्लेम म्हणाला. "माझ्या आसपास दुसरा डाग नसतो."

"काचेवरचा नाही रे. नकाशातला."

क्लेमने मान तिरपी करून पाहिलं. तपकिरी नकाशावर बारीक निळ्या रेघा होत्या. फार्मवरच्या सहाही बग्यांमध्ये तीन महिन्यांपूर्वी काळ्या डब्या बसवल्या होत्या. बगी कुठे गेली, किती वेगाने गेली, कुठे थांबली, ते सगळं त्या डब्या उपग्रहावरून ब्रिस्बेनच्या हेड ऑफिसला कळवत. चार हजार गुरं, तीन विहिरी आणि एक स्वैपाकघर सांभाळत या सहा उघड्या, जाड चाकांच्या गाड्या दिवसभर रानोमाळ हिंडत, आणि त्यांचं हिंडणं नकाशावर पोराने गिरगटल्यासारखं उमटलं होतं. फक्त एका जागी सगळ्या रेघा एकमेकींवर बसून गळू झालं होतं. लालभडक.

"तिथं काय आहे?" टेगनने विचारलं.

"पेलिकन ओढा."

"आणि ओढ्यात काय आहे?"

"काही नाही."

"तेच म्हणते मी. तीन महिन्यांत चारशे अकरा वेळा बग्या तिथं थांबल्यात. दर वेळी वीस मिनिटं. एकोणीस नाही, एकवीस नाही. ऑफिसवाले विचारतायत, काय आहे तिथं? मला आधी वाटलं, दारू. मग वाटलं, फोनची रेंज मिळत असेल. मग वाटलं, तुम्ही कुणाला तरी पुरलंय."

"मग?"

"मग काल मी स्वतः जाऊन आले. एक बाकडं आहे. किटली आहे. चहाचा डबा आहे, त्यात बिस्किटं आहेत, मी दोन खाल्ली. आणि ते कूलिबाचं झाड आहे, त्याचं खोड छातीच्या उंचीवर असं गुळगुळीत झालंय, क्लेम, की मला त्यात माझा चेहरा दिसला."

"हात लावून लावून झालंय ते."

"कोण लावतं?"

"सगळेच."

"का?"

"ते मलाही कधी कळलेलं नाही," क्लेम प्रामाणिकपणे म्हणाला. मग तो बगीखालून सरपटत बाहेर आला, कारण आता जे सांगायचं होतं ते झोपून सांगण्यासारखं नव्हतं. "थांबतात ते बेअरिंगसाठी. लांबून चाळीस-पन्नास किलोमीटर दामटत आलं की चाकाचं हब तापतं. तसंच गरमागरम थंड पाण्यात घातलं की आतली हवा एकदम आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. ग्रीसचं दूध होतं. मग गंज. मग चाक गुरगुरायला लागतं, आणि एक दिवस विहिरीपासून साठ किलोमीटरवर निखळून तुझ्या पुढे धावतं. म्हणून ओढ्याच्या पलीकडच्या काठावर थांबायचं. हबला हात लावायचा. दहा मोजेपर्यंत हात टिकला तर ओढ्यात घालायचं, नाही टिकला तर अजून चहा प्यायचा. वीस मिनिटं लागतात."

टेगनने हे सगळं नीट ऐकून घेतलं. मग तिने अगदी हळू आवाजात विचारलं, "क्लेम, ओढा कधीपासून कोरडा आहे?"

"चार वर्षं होतील."

क्लेमने आणखी काही सांगायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

ओढा कोरडा आहे, हे त्याला माहीत होतं. पाण्यासाठी थांबतात, हेही माहीत होतं. पण या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत राहत होत्या आणि चार वर्षांत त्यांची एकदाही गाठ पडली नव्हती. ती आज पडली.

*

क्लेम या फार्मवर सहा आठवड्यांसाठी आला होता, त्याला एकतीस वर्षं झाली. पहिल्या तीन बग्या आल्या ते सव्वीस वर्षांपूर्वी. त्या वर्षी ओढा तुडुंब होता आणि एका महिन्यात चौदा बेअरिंगं गेली. तेव्हाच्या मॅनेजरने माणसांना शिव्या दिल्या, माणसांनी बग्यांना दिल्या. क्लेमने कुणालाच दिल्या नाहीत. तो प्रत्येक बेअरिंग फोडून बघत बसला. चौदाव्याच्या वेळी त्याच्या लक्षात आलं की सगळ्यांच्या ग्रीसचा रंग चहात दूध घातल्यासारखा आहे. मग त्याने नियम केला, आणि तो एका पत्र्यावर लिहून झाडाला ठोकला: 'थांबा. चाकाच्या हबला हात लावा. दहा मोजून हात टिकला तरच ओढ्यात घाला.'

पुढच्या वर्षी दोनच बेअरिंगं गेली. त्याच्या आयुष्यात घडलेली ही सगळ्यात मोठी घटना. त्याला स्वतःला ती मोठी वाटली नव्हती, पण त्याच्या तोडीची दुसरी कुठली सापडतही नव्हती.

पत्र्यात एक चूक मात्र झाली. महत्त्वाचे शब्द उठून दिसावेत म्हणून त्याने ते लाल रंगात लिहिले, आणि उन्हाला लाल रंग सगळ्यात आधी विटतो. 'चाकाच्या हबला' पाचेक वर्षांतच गेलं. 'हात टिकला तरच ओढ्यात घाला' गेलं. 'दहा मोजून' गेलं. बिनमहत्त्वाचं तेवढं राहिलं: 'थांबा. हात लावा.' जुने लोक हबला हात लावत राहिले. नवे येत, पत्रा वाचत, इकडेतिकडे बघत, आणि ज्या झाडाला पत्रा ठोकलेला आहे त्यालाच हात लावत. कुणी हसलं नाही, कारण हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"तुझं म्हणणं मला पटतं," टेगन म्हणाली. "पण ऑफिसला मी काय लिहू? ते म्हणतायत, वर्कशॉप बंद करा. दर सहा महिन्यांनी कंत्राटदाराचा ट्रक येईल, सगळ्या बग्यांची सगळी बेअरिंगं काढून नवी टाकेल आणि जाईल. चांगली असोत, वाईट असोत."

"चांगलीसुद्धा काढणार?"

"चांगलीसुद्धा."

क्लेमने नकळत बगीच्या चाकावर हात ठेवला.

"शुक्रवारी... नाही, गुरुवारी दुपारी बाराला माझं त्यांच्याशी बोलणं आहे. त्याआधी मला दाखव की थांबल्याने खरंच काही फरक पडतो. मी लिहीन की क्लेम हवाच. पण दाखव. नुसतं सांगू नको."

"त्याला पाणी लागेल," क्लेम म्हणाला.

"हो," टेगन म्हणाली. "ते मला सुचलंय."

*

स्वैपाकघरात ब्रॉन पाव थापत होती. ब्रॉन्विन ही फार्मची स्वैपाकीण, अठ्ठावीस वर्षं इथेच असलेली. तिच्या फ्रीजरमध्ये वाटाण्यांच्या पिशव्यांच्या खाली क्लेमची नवी बेअरिंगं असत. थंडीने बेअरिंग केसभर आकसतं, मग ते हातोडा न मारता जागेवर बसतं. सव्वीस वर्षं ब्रॉन त्याबद्दल कुरकुरत होती आणि सव्वीस वर्षं ती स्वतःच त्यांची उलटापालट करत होती, सगळ्या बाजूंनी सारखी गार व्हावीत म्हणून. एकदा एक रश्श्यात निघालं होतं. ते अंकलच्या ताटात गेलं. अँब्रोज अंकल गुरांमागे पन्नास वर्षं घालवलेला म्हातारा, ब्रॉनपेक्षा दहाच वर्षांनी मोठा, पण अख्ख्या फार्मचा अंकल. त्याने ते बेअरिंग चाटूनपुसून ताटाच्या कडेला ठेवलं आणि म्हणाला, "मांस जरा चिवट आहे."

"बर्फ दे," क्लेम म्हणाला.

"सरबत करतोस?"

"पुरावा करतोय."

"कशाचा?"

क्लेमने सांगितलं. ब्रॉनचे हात पिठात थांबले. "थांब थांब. म्हणजे मी चार वर्षं रोज जेवण पोचवून परत येताना त्या झाडाखाली माशा मारत बसले, ते उगाच?"

"तेच शोधायचंय."

"उगाच निघालं ना म्हाताऱ्या, तर तुला या पावाबरोबर भाजीन."

"तूही झाडालाच हात लावतेस का गं?" क्लेमने विचारलं.

"मग कशाला लावायचा असतो?"

क्लेम बर्फाची पाटी घेऊन निघून गेला.

कोपऱ्यात अंकल चहा फुंकत बसला होता. "अंकल," क्लेमने दारातून विचारलं, "यंदा ओढ्याला पाणी?"

"नाही येत," अंकल ठामपणे म्हणाला. "मुंग्या बघितल्यात मी."

*

प्रयोग मंगळवारी झाला. क्लेमने आधीच वर्कशॉपमागे खड्डा खणून त्यात बोअरचं पाणी सोडलं होतं. अर्धा खड्डा भरल्यावर त्यातून वाफा यायला लागल्या, तेव्हा त्याला आठवलं की इथल्या बोअरला खालून येतं तेच पाणी उकळतं येतं. हब त्याच्यात घातलं असतं तर दोघांची समवयस्कांसारखी गळाभेट झाली असती. म्हणून मग ब्रॉनकडचा बर्फ. टेगन वही घेऊन समोर उभी होती.

क्लेमने अर्धवट ब्रेक दाबून बगी फार्मवरच्या विमानाच्या धावपट्टीवर अर्धा तास पळवली. हबवर थुंकलं तर चर्र आवाज आला. मग त्याने मागची चाकं खड्ड्यात घातली. बगी बुडबुड करत राहिली. दहा मिनिटांनी ती बाहेर काढून जॅकवर चढवली, चाक उतरवलं, ॲक्सलचा नट सोडवला, बेअरिंग बाहेर ओढलं आणि बारीक सुरीने सील उचकलं.

आतलं ग्रीस निळं होतं. स्वच्छ, कोरडं, काल दुकानातून आणल्यासारखं.

क्लेम त्याच्याकडे बघत राहिला. सव्वीस वर्षांपूर्वीची बेअरिंगं उघडी असत. त्यांत हाताने ग्रीस भरायचं. नऊ वर्षांपासून कारखान्यातूनच सीलबंद येत होती. हेही त्याला माहीत होतं. कुठल्या खोलीत राहत होतं कोण जाणे.

"दुसऱ्या बाजूचं बघू," तो म्हणाला.

दुसऱ्या बाजूच्या सीलखाली एक थेंब होता.

दोघंही खाली वाकले. थेंब नीट गोल होता आणि चमकत होता. "सापडला!" टेगन म्हणाली. तिला खरंच आनंद झाला होता. त्याच क्षणी क्लेमच्या नाकाच्या शेंड्यावरून दुसरा थेंब सुटला आणि पहिल्याशेजारी जाऊन बसला. दोन्ही अगदी सारखे होते.

आता पहिला बेअरिंगमधला की नाकावरचा, हे सांगणं अवघड झालं. क्लेमने बोटाने उचलून चाखला. खारट. घाम खारट असतोच. बोअरचं पाणीही खारट होतं. त्याने दुसराही चाखला. दोन्हींना ग्रीसचीच चव जास्त होती.

"काय लिहू?" टेगनने विचारलं.

"जे आहे ते लिही."

तिने लिहिलं: 'एक थेंब. कुणाचा ते अनिश्चित.'

क्लेमने दोन्ही बाजूंना नवी बेअरिंगं बसवली, फ्रीजरमधली, वाटाण्याच्या वासाची. चाक हाताने फिरवून बघितलं, वर-खाली धरून हलवून बघितलं. टिकटिक नाही, ढिलेपणा नाही. बोटांच्या टोकांना ते फिरणं रेशमासारखं लागत होतं. चांगल्या बेअरिंगचा आवाज कसा असतो, असं कुणी विचारलं तर तो म्हणे, नसतो. तोच ऐकायचा असतो.

*

गुरुवारी सकाळी तो पलीकडच्या गोठणावर गेट दुरुस्त करायला गेला होता. परतताना ब्रॉन जेवणाची रिकामी भांडी घेऊन आणि अंकल एक लंगडं वासरू हौद्यात घालून आपापल्या बगीने त्याच्याबरोबर निघाले. ओढ्याच्या काठी तिघं सवयीने थांबले. कोरड्या ओढ्यासमोर थांबायला आज पहिल्यांदाच तिघांनाही लाज वाटली, आणि तरी ब्रॉनने किटली ठेवली.

"कोण बघतंय?" ती म्हणाली.

"ब्रिस्बेन बघतंय," क्लेमने काळ्या डबीकडे बोट दाखवलं.

ब्रॉनने डबीला हात केला. "चहा घेणार का रे?"

आणि तेवढ्यात ओढ्यात काहीतरी सरपटत आलं.

आभाळ निळंशार होतं. पाऊस इथे नव्हता. तीन आठवड्यांपूर्वी सहाशे किलोमीटर उत्तरेला पडला होता आणि तिथून तो वाट काढत, प्रत्येक भेग भरत, माणसाच्या चालीने चालत आला होता. पुढे तपकिरी फेस होता, त्यात काटक्या, कोळी आणि कुणाचा तरी डावा बूट. मागे पाणी. बघता बघता घोटाभर झालं, मग पोटरीभर.

"मुंग्या खोटं बोलल्या," अंकल म्हणाला.

"अंकल, तू तर शपथेवर—" क्लेम म्हणाला.

"मी नाही बोललो. मुंग्या बोलल्या. मी सांगितलं फक्त."

लांबून धुळीचा लोट उठला. टेगन होती. उत्तरेच्या विहिरीवरून पन्नास किलोमीटर तुफान हाणत आली आणि पाण्याच्या कडेला कच्चकन थांबली. साडेअकरा वाजले होते.

"बाराला माझा फोन आहे! किती खोल आहे?"

"गुडघाभर," क्लेम म्हणाला. "तळ दगडी आहे. जाशील."

ती निघालीच होती. मग तिचा पाय थांबला. ती पाण्याकडे बघायला लागली, मग चाकाकडे, मग क्लेमकडे, आणि तिचा चेहरा उजळला.

"क्लेम! तापलेलं हब. थंड पाणी. खरा ओढा!"

"हो गं."

"मी अशीच घालते. इथून तिथं. पलीकडे जाऊन तू बेअरिंग उघड. आत पाणी निघालं की मी फोनवर सांगते, आत्ता माझ्या डोळ्यांनी बघितलं म्हणून. झालं. तू राहिलास."

क्लेम खाली वाकला आणि तिच्या मागच्या हबला हात लावला. दोन म्हणेपर्यंत त्याने तो झटकन काढून घेतला. ही मंगळवारचीच बगी होती.

"जाऊ दे तिला," ब्रॉन त्याच्या कानाशी पुटपुटली. "तोंड मिट आणि जाऊ दे."

त्याने तोंड मिटलं. जन्मभर तो बेअरिंगं जाऊ नयेत म्हणून झटला होता, आणि आता एक जावं अशी इच्छा त्याच्या मनात आली होती. ती इतकी अनोळखी होती की, ही आपली की शेजारच्याची, असं वाटून त्याने अंकलकडे बघितलं. अंकल वासराला बिस्कीट खाऊ घालत होता. फक्त एक शब्द म्हणायचा होता. जा. तोही म्हणायची गरज नव्हती. काही न म्हणणंच पुरे होतं.

टेगनने गाडी पुढे घेतली. पुढची चाकं ओली झाली.

"थांब!" क्लेम ओरडला.

"काय झालं?"

"थांब. मागे घे."

"अरे, तुला पुरावा नकोय का?"

"हवाय."

"मग?"

"बेअरिंग चांगलं आहे गं ते," तो शेवटी म्हणाला. "परवाच बसवलंय."

टेगन त्याच्याकडे बघत राहिली. ब्रॉनने कपाळाला हात लावला. मग टेगनने बगी मागे घेतली, इंजिन बंद केलं, खाली उतरली आणि पत्रा वाचून झाडाला हात लावला.

"हबला," क्लेम म्हणाला.

"काय?"

"काही नाही. चहा घे."

वीस मिनिटं झाली. एकोणीस नाही, एकवीस नाही. क्लेमने हबला हात लावून दहा मोजले, हात टिकला. चौघंही उठली आणि ओढ्याकडे वळली. ओढा छातीभर झाला होता. पाण्यातून एक अख्खं बाभळीचं झुडूप उभं राहून प्रवास करत चाललं होतं.

ब्रॉनने किटली पुन्हा ठेवली.

"हब गार आहे पण," अंकल म्हणाला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती चौघं आणि वासरू त्या काठावर अडकून पडली. रेंज नव्हतीच. जेवणाच्या भांड्यांच्या तळाशी राहिलेलं खारं मांस आणि डब्यातली बिस्किटं पुरवून पुरवून खाल्ली. टेगन बाकड्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"मी गेले असते तर?" तिने विचारलं.

"पोचली असतीस."

"आणि बेअरिंग?"

"तीन महिन्यांनी कळलं असतं. कदाचित."

"म्हणजे पलीकडे जाऊन उघडलं असतं, तरी—"

"परत एक थेंब निघाला असता," क्लेम म्हणाला. "माझं नाक तेच आहे."

टेगन हसली. "मला एक कळत नाही. सव्वीस वर्षांत किती बेअरिंगं वाचली तुझ्यामुळे?"

क्लेमने खरंच विचार केला. गेलेली त्याला सगळी आठवत होती, कुठलं कुठे गेलं, कुणाच्या गाडीचं, कुठल्या बाजूचं. पण न गेलेली? बेअरिंग गेलं नाही, तर ते कशामुळे गेलं नाही, हे बेअरिंगला विचारायची सोय नव्हती.

"माहीत नाही," तो म्हणाला.

बाराला वाजायचा ब्रिस्बेनचा फोन फार्मच्या ऑफिसात बाराला वाजला. इकडून कुणी उचलला नाही. तिकडे त्यांच्या नकाशावर सहापैकी चार बग्या एकाच लाल डागात अठ्ठावीस तास उभ्या दिसत होत्या. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना एवढं पुरेसं होतं. वर्कशॉप बंद करायचा निर्णय टेगनला विचारण्याआधीच झाला होता. नंतर तिने तीन पत्रं लिहिली. प्रत्येकाचं उत्तर नम्र होतं.

*

सहा आठवड्यांनी क्लेमने जुन्या पिकअपमध्ये सामान भरलं. सामान फार नव्हतं. टुवूम्बा शहरात बहीण होती, तिच्याकडे एक खोली होती आणि विजेवर चालणारी एक गाडी होती. तिने फोनवर सांगितलं होतं की त्या गाडीला काही करावं लागत नाही.

ब्रॉन दारात आली. तिने एका हाताने केकचा डबा दिला आणि दुसऱ्या हाताने फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी. फडकं बर्फासारखं गार होतं.

"हे तुझं राहिलं होतं. वाटाण्यांखाली."

"ठेव की. ट्रकवाल्यांना लागेल."

"त्यांचं ते आणतील. माझ्या फ्रीजरला हात लावला तर बोटं मोडीन." तिने एप्रनला हात पुसले, ते कोरडेच होते. "नीट जा म्हाताऱ्या."

टेगन आणि अंकल कुंपणापाशी उभे होते. अंकलने टोपी काढली. "पाऊस येणार नाही वाटेत," तो म्हणाला. क्लेमने रेनकोट वरती काढून ठेवला.

चार किलोमीटरवर ओढा आला. पाणी ओसरलं होतं, भेगाळलेला चिखल उरला होता आणि मधे एक डबकं. डबक्यात एक पेलिकन बसला होता, एकटाच. बाकीचे कधीच गेले होते. त्याला ते कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं.

पलीकडच्या काठावर कंत्राटदाराचा पांढरा ट्रक उभा होता. नवा कोरा, हौद्यात बेअरिंगांची खोकी रचलेली. ड्रायव्हर पन्नाशीचा जाडजूड माणूस, इस्त्रीच्या शर्टात. तो खाली उतरला होता आणि पत्र्याकडे बघत होता. मग त्याने इकडेतिकडे पाहिलं. मग झाडाजवळ गेला आणि गुळगुळीत जागेवर तळवा ठेवला.

क्लेमने ओढा ओलांडून पिकअप त्याच्या शेजारी लावली. सीटखाली लाल रंगाचा डबा आणि ब्रश होता. पत्रा परत रंगवायचा, असं तो गेले सहा आठवडे म्हणत होता.

"नमस्कार," तो माणूस ओशाळून हात काढत म्हणाला. "फार्मच्या ऑफिसातल्या बाईने फोनवर सांगितलं, इथं वीस मिनिटं थांबायचं म्हणून. म्हटलं, का? तर म्हणाली, थांबून बघा."

"टेगन म्हणाली?"

"हो. काय असतं हो इथं?"

क्लेमने ट्रकच्या चाकांकडे पाहिलं. धुळीने माखलेली, लांबून दामटत आलेली. त्याने तोंड उघडलं, आणि डबक्याकडे नजर गेल्यावर मिटलं.

"किटलीत चहा असेल," तो म्हणाला. "बिस्किटं दोनच घ्या."

तो माणूस बाकड्यावर जाऊन बसला आणि घड्याळ बघायला लागला.

क्लेम आपल्या पिकअपच्या पुढच्या चाकापाशी गुडघ्यावर बसला. घरापासून चारच किलोमीटर आला होता. हब तापलंच नव्हतं, आणि या दिशेने जाताना थांबायचा नियम कधीच नव्हता. त्याने तळवा टेकवला आणि मोजायला सुरुवात केली. दहा झाले. हात टिकला होता.

हात टिकला की निघायचं, हे त्यानेच लिहिलं होतं.

त्याने पुन्हा एकपासून मोजायला घेतलं.